ऑक्सिजनवर एल्डिहाइडचं ॲसिड करायला कुठला धातूचा कॅटॅलिस्ट घ्यावा?

खानापूरचा_पोरगा:
नमस्कार, बेळगावात एमएस्सीचा प्रोजेक्ट करालोय. व्हॅनिलीनपास्नं व्हॅनिलिक ॲसिड करायचंय, सॅलिसिलाल्डिहाइड आणि इथिलीन डायअमीन घेऊन कोबाल्ट सॅलेन (त्यांचा कोबाल्टला धरणारा कॅटॅलिस्ट) स्वतः बनवला, ऑक्सिजनचा फुगा लावून तीन दिवस ढवळलं तरी टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) व्हॅनिलीन जसंच्या तसं. आता मँगनीज पॉर्फिरिन हा दुसरा कॅटॅलिस्ट घ्यावा म्हणतोय पण लई महाग पडतंय. कुणी केलंय काय, सांगा की ओ.

टिळकवाडीची_ताई:
पॉर्फिरिनवर पैसे घालवू नको बाळा. कोबाल्ट सॅलेन ऑक्सिजन धरतो हे त्सुमाकी नावाच्या संशोधकानं १९३८ लाच दाखवलंय, पण धरणं वेगळं आणि एल्डिहाइडची साखळी चालवणं वेगळं. कोबाल्ट एल्डिहाइडचा हायड्रोजन काढतो, ॲसाइल रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला चपळ तुकडा) होतं, ते ऑक्सिजन घेऊन शेजारच्या एल्डिहाइडचा हायड्रोजन ओढतं की झालं परॲसिड (एक ऑक्सिजन जास्त असलेलं ॲसिड), आणि ते परॲसिड अजून एका एल्डिहाइडला भिडलं की दोन ॲसिड मिळतात. तुझ्या व्हॅनिलीनला फिनॉलचा ओएच आहे, तोच ही रॅडिकलं खाऊन साखळी तोडतो. एल्डिहाइड टिकावं म्हणून बाटलीत बीएचटी हे फिनॉल घालतात ते ह्याचसाठी. आधी बेंझाल्डिहाइडवर कर, कोबाल्ट नाहीतर मँगनीजचं ॲसिटिलॲसिटोनेट १ मोल टक्का, ॲसिटोनायट्राइलमध्ये. स्वस्त पण आहे.

निपाणीकर:
ताईंचं बरोबर हाय. ॲसिटाल्डिहाइडपास्नं ॲसिटिक ॲसिड करायला कारखान्यात साधं मँगनीज ॲसिटेटच वापरत आलेत. ॲनिसाल्डिहाइड मात्र लगेच घेऊ नको, परॲसिडमुळं ॲसिडाबरोबर नको असलेलं फॉर्मेट एस्टर पण होतंय. आणि एक कळकळीनं सांगतो, काम संपल्यावर पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद बुडवून बघ, निळा झाला तर परॲसिड उरलंय, सोडियम सल्फाइट घालून मारल्याशिवाय रोटरीवर (द्रावक उडवायच्या यंत्रावर) चढवायचं न्हाई. फुगा लावलेला असताना जवळ बर्नर तर अजिबात नको.

खानापूरचा_पोरगा:
ताई, निपाणीकर दादा, लई उपकार झाले. बेंझाल्डिहाइडची बाटली जुनी होती, आतल्या बाजूला पांढरे खडे जमलेले, सोडियम कार्बोनेटनं धुवून व्हॅक्यूमखाली डिस्टिल केलं आणि त्याच दिवशी लावलं. संध्याकाळपर्यंत घट्ट पांढरं झालं, वितळबिंदू १२१ ते १२२ अंश, म्हणजे बेंझोइक ॲसिडच! पण शेजारी कॅटॅलिस्ट न घालता ठेवलेल्या फ्लास्कात पण थोडं ॲसिड आलंय, आता गाईडना काय दाखवू?

टिळकवाडीची_ताई:
तेच दाखव की! बेंझाल्डिहाइड हवेत आपसूक ॲसिड होतंच. दोन्ही फ्लास्कातनं दर अर्ध्या तासानं सॅम्पल काढ, सुरुवातीचा काहीच न घडणारा काळ कोबाल्टनं किती कमी झाला तो ग्राफ काढ. ब्लँक, म्हणजे कॅटॅलिस्ट नसलेला फ्लास्क, नसेल तर तुझ्या कोबाल्टवर मी पण विश्वास ठेवणार नाही.