‘एक्स्पोर्ट’ला निर्यात म्हटलं, तर डॅशबोर्ड गेला कुठे?

धंतोलीकर:
कंट्रोल रूमच्या ऑपरेटरांसाठी ग्राफानाची (यंत्रांचे आकडे आलेखांच्या फलकावर, म्हणजे डॅशबोर्डवर, दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी पुस्तिका लिहितोय. ‘एक्स्पोर्ट’ला भाषांतराचं यंत्र ‘निर्यात’ देतं. ‘डॅशबोर्डची निर्यात करा’ कानाला खटकतं. आपल्याकडे दुसरा शब्द आहे का? आणि ‘रीयूज’ला ‘पुनर्वापर’ चालेल?

मिहानवाले:
निर्यात नकोच, भाऊ. कळमन्यातून संत्र्यांचा ट्रक बांगलादेशला निघाला की तो माल इथे उरत नाही. डॅशबोर्ड मात्र जागचा हलत नाही, हातात येते ती फक्त त्याच्या मांडणीची एक जेसन फाइल. मूळ नोंद दप्तरात आणि आपल्याकडे सातबाराचा उतारा, तसंच हे. ‘डॅशबोर्डचा उतारा’ म्हणा.

सदरवाली:
पण ‘उतारा’ला अर्थ किती! परीक्षेतला, विषावरचा, दृष्ट लागली की चौकात ठेवतात तो.

मिहानवाले:
क्रियापदाने भांडण मिटतं, ताई. विषावरचा देतात, चौकातला ठेवतात, दप्तरातला काढतात. बटणावर ‘उतारा काढा’.

काटोलकर:
शब्द चांगला, पण अर्ध्याच कामाला पुरतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘बाहेरच्यांना देण्यासाठी’ असा एक खटका असतो. (आवृत्तीगणिक त्याची जागा बदलते.) तो बंद असेल तर फाइलीत डेटासोर्सचा (आकडे जिथून येतात त्याचा) यूआयडी, म्हणजे ओळखखूण, जसाच्या तसा येतो. हा खरा उतारा. त्याच सर्व्हरवर परत चढवायला हाच लागतो.

खटका चालू केला की यूआयडीच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंसात ‘डीएस_प्रोमिथियस’सारखं रिकामं नाव बसतं (प्रोमिथियस म्हणजे आकडे साठवणारं सॉफ्टवेअर). इम्पोर्ट करताना ग्राफाना विचारतो, इथे कोणता डेटासोर्स लावू? हे संत्र्याच्या कलमासारखं झालं. डोळा नागपुरी संत्र्याचा, खुंट जंबेरीचा. डोळा (बोर्ड) भरायला खुंट (डेटासोर्स) हवाच. म्हणून दुसऱ्या सर्व्हरसाठी ‘कलम’ म्हणा. ‘पुनर्वापर’ म्हटलं की प्लास्टिकच्या बाटल्या आठवतात.

गडबड होते ती इथेच. कलमाची फाइल लोक प्रोव्हिजनिंगच्या फोल्डरात (तिथल्या फाइली ग्राफाना आपोआप उचलतो) टाकतात. तिथे विचारणारं कोणी नाही, रिकामं नाव रिकामंच राहतं, आणि प्रत्येक पॅनेलवर ‘डेटासोर्स सापडला नाही’ येतं. प्रोव्हिजनिंगला उताराच द्या, आणि दोन्ही सर्व्हरच्या डेटासोर्सच्या यामल (सेटिंगच्या) फाइलीत यूआयडी हाताने एकसारखा लिहा. त्याहून बरं म्हणजे डॅशबोर्डातच डेटासोर्स प्रकारचं व्हेरिएबल ठेवायचं. मग खुंट वरच्या यादीतून निवडता येतो.

सदरवाली:
एपीआयने (बटणाऐवजी प्रोग्रॅममधून) उतारे काढणाऱ्यांसाठी पुस्तिकेत एक चौकट टाका. यूआयडी देऊन डॅशबोर्ड मागवला की उत्तरात दोन कप्पे येतात, ‘डॅशबोर्ड’ आणि ‘मेटा’. सगळं उत्तर तसंच फाइलीत ठेवून प्रोव्हिजनिंगला दिलं तर ‘शीर्षक रिकामं असू शकत नाही’ अशी चूक येते. शीर्षक असतं, पण एक पातळी आत. जेक्यूने (जेसनमधला हवा तो भाग काढणारं साधन) फक्त ‘डॅशबोर्ड’ कप्पा काढा आणि त्यातला ‘आयडी’ नल (रिकामा) करा. तो आकडा त्या सर्व्हरच्या डेटाबेसपुरता. परक्या सर्व्हरवर तसाच पाठवला तर ४०४ (‘सापडला नाही’) मिळतो. यूआयडी मात्र ठेवायचा, लिंका त्यावरच चालतात.

आणि एपीआयने डॅशबोर्डांची यादी मागवताना मर्यादा बघा. न सांगता १००० नोंदी मिळतात, सांगून जास्तीत जास्त ५०००. त्यापुढे पान क्रमांक द्यावा लागतो. स्क्रिप्ट हिरवी (यशस्वी) दिसते आणि १००१वा बोर्ड निमूट गळतो.

धंतोलीकर:
म्हणजे सगळे उतारे गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवले की बॅकअप झाला?

काटोलकर:
नाही ना, भाऊ! पुस्तिकेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. उताऱ्यात बोर्डाची मांडणी आणि क्वेरी येतात. जुन्या आवृत्त्यांचा इतिहास, कोणाला काय दिसावं त्या परवानग्या, युनिफाइड अलर्टिंगचे (इशाऱ्यांचे) नियम येत नाहीत. लायब्ररी पॅनेलचा (अनेक बोर्डांत सामायिक आलेखाचा) साध्या उताऱ्यात नुसता संदर्भ असतो. आकडे तर ग्राफानात नसतातच, ते प्रोमिथियसकडे, आणि साठवणुकीची मुदत बदलली नसेल तर तिथेही १५ दिवसच.

बॅकअप म्हणजे सर्व्हिस थांबवून ग्राफानाच्या डीबी फाइलीची प्रत. ग्राफानाचा डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर. सोबत ग्राफानाच्या आयएनआय फाइलीतली सीक्रेट की. ती घ्यायची राहिली तर डेटासोर्सचे पासवर्ड उलगडत नाहीत, बोर्ड दिसतात पण आलेख रिकामे.

मिहानवाले:
बॅकअपला ‘बॅकअप’च राहू द्या, ऑपरेटर तेच म्हणतात. ‘राखीव प्रत’ लिहिलं तर ती कपाटात शोधतील.

धंतोलीकर:
ठरलं तर. बटणाला ‘उतारा काढा’, खटक्याला ‘कलमासाठी’. इम्पोर्टला काय?

काटोलकर:
उताऱ्याला ‘चढवा’, कलमाला ‘लावा’. बटण एकच आहे, तेव्हा ‘चढवा’ लिहा आणि डेटासोर्सच्या यादीवर ‘खुंट निवडा’.

सदरवाली:
खुंट फक्त काटोलला कळेल. तिथे ‘डेटासोर्स निवडा’ असंच राहू द्या.