सानुकी उदोन: कागावातल्या सेल्फ दुकानात काय मागावं, कसं खावं (अनुभव धागा)

पीठपोळी

शिकोकू बेटावरचा कागावा हा क्षेत्रफळाने जपानमधला सर्वांत लहान प्रांत. जुनं नाव सानुकी. इथला हाताने मळलेला, चाकूने कापलेला, गव्हाच्या जाड नूडल्सचा उदोन म्हणजे सानुकी उदोन. पाऊस कमी म्हणून शेती तळ्यांवर आणि भाताच्या जोडीला गहू. किनाऱ्यावर मीठ, शोदोशिमा बेटावर सोया सॉस, इबुकी बेटावर सुकी मासळी. वाडग्यात जे पडतं ते मुळात असं आसपासचंच.

ओकायामाहून मरीन लायनर गाडीने समुद्रावरचा पूल ओलांडून ताकामात्सूला तासाभरात पोचता येतं, त्यामुळे ओसाका-क्योतोला येणारी बरीच मराठी मंडळी आता इथे डोकावतात. पण सेल्फ (ट्रे घेऊन रांगेत स्वतःच घ्यायच्या) दुकानात फलक जपानीत, रांग भराभर सरकणारी आणि मागे लोक उभे. माहीतगारांनी इथे नेमकं लिहावं: रांगेत काय करायचं, काय मागायचं, शाकाहारी असाल तर काय, आणि घरी करायचा तर कसा. दुकानांच्या याद्या नकोत, त्या सगळीकडे मिळतात.

शिकोकूकर

आधी दुकानांचे प्रकार. 'इप्पान' म्हणजे बसल्या जागी आणून देणारं. 'सेल्फ' म्हणजे ट्रे घेऊन रांगेत सरकायचं. तिसरं 'सेइमेन्जो', म्हणजे मुळात नूडल्स घाऊक विकणारा कारखाना, त्याच्याच एका कोपऱ्यात चार बाकं. या तिसऱ्या प्रकारात काही ठिकाणी पैसे खाऊन झाल्यावर द्यायचे असतात आणि काय खाल्लं ते आपणच सांगायचं असतं.

सेल्फमधला क्रम असा. ट्रे घ्या. काउंटरवर प्रकार आणि आकार सांगा. पुढे तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, कोळंबी वगैरे) मांडलेले असतात, चिमट्याने हवे ते बशीत घ्या. गल्ल्यावर पैसे द्या. सुट्टी नाणी आणि हजार येनच्या नोटा जवळ ठेवा, जुन्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. साधा लहान काके (गरम रश्श्यातला उदोन) बहुतेक ठिकाणी २५० ते ४०० येनच्या दरम्यान.

आकार 'श्यो, च्यू, दाइ' असे सांगतात, पण इथेच गोंधळ होतो. लहान म्हणजे एक तामा (उकडून धुतलेल्या नूडल्सची एक गुंडी, साधारण २०० ते २५० ग्रॅम). मध्यम म्हणजे कुठे दीड तामा, कुठे दोन. मोठा कुठे दोन, कुठे तीन. त्यामुळे सरळ 'हितोतामा' किंवा 'फुतातामा' म्हणा, एक किंवा दोन. दिवसात तीन दुकानं करायची असतील तर प्रत्येक ठिकाणी एकच.

कढईकाठ

वरच्या क्रमात एक पायरी राहिली. अस्सल जुन्या सेल्फमध्ये गरम उदोन मागितला तरी हातात थंड तामा घातलेला वाडगाच मिळतो. गरम आपण करायचा. उकळत्या पाण्याची चौकोनी टाकी असते, तिच्यात लांब दांड्याच्या खोलगट जाळ्या अडकवलेल्या असतात. तामा जाळीत टाका, पाण्यात बुडवा, दोन-तीनदा हलवा. एका तामाला १० ते १५ सेकंद पुरतात. दोन असतील तर २० सेकंद. त्याहून जास्त ठेवला तर बाहेरचा थर फुगतो आणि चावताना तो आधी पिठूळ लागतो.

मग जाळी वर उचलून मनगटाने जोरात खाली झटका द्या, दोन वेळा. ही पायरी टाळली की जाळीतलं पाणी वाडग्यात उतरतं आणि रस्सा फिका होतो. बेचव उदोन मिळाल्याची तक्रार अनेकदा या पाण्यामुळेच असते. त्यानंतर तोटी असलेल्या पिंपातून रस्सा घ्यायचा. वाडगा तोटीला अगदी चिकटवून धरा, नाहीतर उडतो. नूडल्स जेमतेम बुडतील एवढाच घ्या.

शेवटी बारीक चिरलेली पात, किसलेलं आलं, तीळ, तेनकासू (तेम्पुऱ्याच्या तेलातली कुरकुरीत पिठाची बुंदी). आलं आधी थोडंसं. ते रस्सा पटकन ताब्यात घेतं आणि मग इरिकोची, म्हणजे रश्श्यातल्या सुक्या मासळीची, चव सापडत नाही.

मीठभाकर

आता काय मागायचं ते.

काके: गरम पातळ रस्सा, साधा. दुकान पारखायचं तर हाच, कारण यात लपवायला काही नसतं.

बुक्काके: घट्ट, खारट रस्सा थोडासाच वरून. सोबत किसलेला मुळा, लिंबू. हा रस्सा काकेसारखा भरपूर ओतू नका, पिववत नाही.

झारू: थंड नूडल्स जाळीवर, बुडवायला वेगळी वाटी. कामाआगे: कढईतून काढलेला, न धुतलेला, त्याच गरम पाण्यात. तो मऊ असतो, चिवटपणा शोधायला तो मागवू नका.

कामातामा: कढईतून थेट कच्च्या अंड्यावर. याचं श्रेय आयागावा गावातल्या यामागोए या दुकानाला देतात. वाडगा हातात आला की खुर्ची शोधण्याआधी ढवळायचं. नूडल्सच्या आचेवर अंडं अर्धवट घट्ट होऊन धाग्याधाग्याला लपेटलं पाहिजे. मिनिटभर थांबलात तर खाली पांढरं कच्चं राहतं आणि वर गोळा. सोया सॉस त्यानंतर, एक छोटी वळसेदार धार पुरे.

काही जुन्या दुकानांत 'हियाहिया', 'हियाआत्सु', 'आत्सुआत्सु' असं विचारतात. पहिला शब्द नूडल्सचा, दुसरा रश्श्याचा. हिया थंड, आत्सु गरम. हियाआत्सु म्हणजे थंड नूडल्सवर गरम रस्सा: वाडगा कोमट होतो, पण नूडल्सचा ताण टिकतो आणि रश्श्याचा वासही येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने माझ्या मते हाच घ्यावा.

हिवाळ्यात 'शिप्पोकू' दिसला तर सोडू नका. मुळा, गाजर, अरवीसारखा कंद वगैरे भाज्या रश्श्यात शिजवून वरून घालतात. (भाज्यांचा असला तरी शाकाहारी नाही, रस्सा मासळीचाच.)

चाकू_आणि_पोळपाट

कुठलं दुकान यापेक्षा किती वाजता हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, हे या धाग्यात कोणीतरी ठासून सांगायला हवं.

उकडून नुकत्याच धुतलेल्या उदोनच्या बाहेरच्या थरात पाणी सुमारे ८० टक्के असतं आणि गाभ्यात ५० टक्क्यांच्या आसपास. दात बाहेर सहज रुततात आणि आत अडतात. 'कोशी' म्हणतात तो ताण या फरकातून येतो. नुसता कडकपणा म्हणजे कोशी नव्हे, तो कमी शिजलेला उदोन. धुतल्यापासून पाणी बाहेरून आत सरकायला लागतं आणि अर्ध्या तासात फरक बराच पुसला जातो. मग कितीही नावाजलेलं दुकान असो, सगळा उदोन एकसारखा मऊ.

म्हणून रांग पाहून पळू नका. रांग असली की कढई सतत चालू असते आणि तामा ताजा असतो. रिकाम्या दुकानात लाकडी खोक्यांत ओळीने मांडून ठेवलेले तामे मिळण्याची शक्यता जास्त. सकाळी उघडताना किंवा साडेअकरा ते एक या वेळेत जा. बरीच दुकानं दुपारी दोन-तीनला बंद होतात, त्याआधीही नूडल्स संपल्या की फलक उलटा. आठवड्याची सुट्टीही दुकानागणिक वेगळी, आदल्या दिवशी तपासा.

ताजेपणा डोळ्यांनीही कळतो. कापलेल्या कडा काटकोनी आणि धारदार हव्यात, पृष्ठभाग ओला चमकदार, कडेला किंचित पारदर्शक. हाताने कापलेल्यात जाडी थोडी कमीजास्त असते आणि धागा कुठेकुठे पिळलेला असतो. तो दोष नाही, पिळात रस्सा धरला जातो. कडा गोल आणि रंग पांढराफटक मॅट झाला असेल तर तो तामा बराच वेळ बसलेला आहे.

तेव्हा मिळाल्यावर फोटो एकच काढा आणि खा. सुर्रकन ओढणं इथे रीतच आहे. खाणं दहा मिनिटांचं. झाल्यावर वाडगा आणि ट्रे परत करायच्या खिडकीत ठेवा, 'गोचिसोसामा' (जेवणाबद्दल धन्यवाद) म्हणा आणि जागा सोडा.

तुळशीपान

शाकाहाऱ्यांसाठी, कारण हा प्रश्न दरवेळी येतो आणि उत्तरं अर्धवट मिळतात.

नूडल्समध्ये फक्त गव्हाचं पीठ, मीठ, पाणी. अडचण रश्श्याची. तो इरिकोचा, म्हणजे उकडून वाळवलेल्या छोट्या मासळीचा, जोडीला कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कधी कात्सुओबुशी (सुकवून किसलेला बोनिटो मासा). काके, बुक्काके, झारूची वाटी, कामाआगेची वाटी, सगळीकडे मासळी आहे. 'मांस नको' म्हटलं तर समोरचा मासळी काढणार नाही.

चालणारा प्रकार एकच: थंड तामा आणि त्यावर साधा सोया सॉस. मागायचं असं: 'दाशी नाशी दे, किजोयु दाके ओनेगाइशिमास' (दाशी, म्हणजे रस्सा, नको, फक्त साधा सोया सॉस द्या). पण टेबलावरची प्रत्येक काळी बाटली किजोयु नसते. कागावात दाशीजोयु (दाशी मिसळलेला सोया सॉस) फार लोकप्रिय, तिच्यात मासळीचा अर्क असतो. बाटली दाखवून विचारा: 'कोरे, दाशी हाइत्तेमासु का?' (यात दाशी आहे का?) सोबत आलं, पात, तीळ, किसलेला मुळा आणि लिंबू भरपूर घ्या, म्हणजे वाडगा कोरडा लागत नाही.

तेम्पुऱ्यात रताळं आणि भोपळा दिसायला निर्धोक, पण पिठात बहुधा अंडं आणि कढई कोळंबी-माखल्यांचीच. कांद्याच्या काकिआगेत (चिरलेल्या भाज्या एकत्र तळलेल्या भज्यात) कोळंबी असू शकते. तेनकासू त्याच तेलातली. इनारीचा (तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेल्या भाताचा) गोड तोफूही बहुतेकदा दाशीत शिजवलेला. कडक पाळणाऱ्यांनी हे चारही सोडावेत. काही दुकानांत सोबाही (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) मिळतो, तेव्हा सोब्याची ॲलर्जी असेल तर नूडल्स उकडायची कढई एकच आहे का ते आधी विचारावं.

कोकणकिनारा

तुळशीपान यांनी सोडलेली बाजू मी घेतो. इबुकी बेटाभोवती मासळी पकडल्यावर लगेच किनाऱ्यावर आणून उकडतात आणि वाळवतात, म्हणून इरिकोला कुबट वास नसतो. सुकटीचा वास ज्यांना घरचा वाटतो त्यांना हा रस्सा पहिल्याच घोटात पटतो.

घरी १ लिटरला ३० ग्रॅम इरिको, १० ग्रॅम कोंबू. मासळीचं डोकं आणि पोटातला काळा भाग काढा, रस्सा कडवट होतो तो यानेच. रात्रभर थंड पाण्यात. सकाळी मंद आचेवर ठेवा, उकळी फुटायच्या आधी कोंबू बाहेर, नाहीतर बुळबुळीतपणा उतरतो. मग १० मिनिटं अगदी मंद, वरचा फेस काढत, आणि गाळा. गाळताना पिळू नका. चवीला फिक्या रंगाचा सोया सॉस आणि मीठ. हा सॉस रंगाने फिका पण मिठाला जास्त, माप बेताने.

पीठपोळी

छान चाललंय. आता मळण्याबद्दल कोणी लिहील का? भारतात मैद्यावर भागतं का?

वरवंटा

भागतं. कागावातही बहुतेक दुकानं ऑस्ट्रेलियाहून आलेला गहू वापरतात, स्थानिक 'सानुकी नो युमे' ही जात त्यानंतर विकसित केली. हवं ते मध्यम ताकदीचं पीठ, मैदा त्याच्या जवळ जातो. कणीक घेऊ नका, कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो.

चार-पाच जणांसाठी: मैदा ५०० ग्रॅम, पाणी २३० मिली, मीठ २५ ग्रॅम. मीठ पाण्यात पूर्ण विरघळवा. आधी तीन-चतुर्थांश पाणी घालून बोटांनी मोकळं करा, रवाळ झालं की उरलेलं. सगळं एकदम ओतलं तर बाहेर चिखल आणि आत कोरडं पीठ. गोळा रखरखीत वाटेल, पोळीच्या कणकेची सवय असलेला हात आणखी पाणी मागेल. देऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात उलट ५ ते १० मिली कमीच.

अर्धा तास झाकून ठेवा. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाचांनी तुडवा, पसरला की घडी घाला, पुन्हा तुडवा, असं तीन-चार वेळा. हाताच्या जोराने एवढ्या घट्ट पिठात धागे तयार होत नाहीत. पृष्ठभाग फाटायला लागला की थांबा, २० मिनिटं विश्रांती द्या. शेवटी दोन तास. 'अस्सल सानुकी उदोन' असं वेष्टनावर छापायला जपानमध्ये जी अट आहे तिच्यातही पाणी ४० टक्क्यांहून आणि मीठ ३ टक्क्यांहून कमी नको, आणि विश्रांती दोन तास हेच आहे.

मिठाची जुनी म्हण अशी: ऐन उन्हाळ्यात एक वाटी मिठाला तीन वाट्या पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा, एरवी पाच. उष्णतेने पीठ सैलावतं, मीठ ते आवळून धरतं, म्हणून उन्हाळ्यात जास्त. जुनं मीठ भरड आणि ओलसर होतं, आजच्या बारीक मिठाने हे माप शब्दशः धरू नका. विदर्भातल्या मे महिन्यात २५ चे ३० ग्रॅम करा, तेवढं पुरतं.

कॉर्नफ्लॉर भुरभुरून ३ मिलिमीटर जाड लाटा, तीन पदरी घडी, ३ मिलिमीटरच्या पट्ट्या. चाकू सरळ खाली, पुढे-मागे ओढला तर कडा चिकटतात. मोठ्या पातेल्यात किमान ५ लिटर खळखळतं पाणी, नूडल्स दोन खेपांत. १० ते १३ मिनिटं, पण नवव्या मिनिटापासून एक काढून, गार पाण्यात बुडवून चावून पाहा. गरम चाखलात तर अंदाज चुकतो. बोअरवेलच्या जड पाण्यात पृष्ठभाग विरघळून पेज होते. चमचाभर व्हिनेगर घाला, पाणी किंचित आंबट झालं की कडा टिकतात.

काढल्यावर नळाखाली दोन्ही हातांनी चोळून धुवा, बुळबुळ जाईपर्यंत. मग बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट. ताण इथे येतो. मळताना घातलेलं बरंचसं मीठ उकडण्यात आणि धुण्यात निघून जातं.

शिकोकूकर

आणायचा असेल तर: 'हाननामा', म्हणजे अर्धवट वाळवलेला उदोन घ्या. फ्रीजशिवाय दोन-तीन महिने टिकतो, वेष्टनावरची तारीख बघा. 'नामा' ताजा असतो, थंड ठेवावा लागतो, लांबच्या प्रवासाला नको. रश्श्याची पुडी असलेलं पाकीट शाकाहाऱ्यांना उपयोगाचं नाही, नुसत्या नूडल्सचं वेगळं मिळतं आणि स्वस्तही. शिजवताना चिकटलेलं पीठ झटकून टाका आणि पहिली दोन मिनिटं लांब काड्यांनी हलक्या हाताने सोडवत राहा, हाननामा सुरुवातीला ठिसूळ असतो आणि तुटतो.