दह्यातले बॅक्टेरिया बघायला कुठला मायक्रोस्कोप घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लेक नववीत आहे, पुस्तकात लॅक्टोबॅसिलसचं चित्र बघितल्यापासून "आई मला ते खरे बघायचेत" हा एकच धोशा लावलाय, म्हणून ऑनलाइन यूएसबीवाला मायक्रोस्कोप मागवला, खोक्यावर 1600एक्स लिहिलेलं. मुंगीचे डोळे, मिठाचे खडे, साडीची जर एकदम झकास दिसते, पण दह्याचा थेंब ठेवला की नुसता पांढरा धुरकट डाग, आणि लॅपटॉपवर झूम केलं की तोच डाग मोठा होतो. पोर फार हिरमुसली हो. माझं काय चुकतंय? दहा हजारांपर्यंत खर्च करू शकते. आणि कोरोनाचा व्हायरस दिसेल का विचारतेय, तिला काय सांगू?

प्रतिसाद:
ताई, तुमचं काहीच चुकत नाहीये. 1600 हा पडद्यावर चित्र किती मोठं होतं त्याचा आकडा, जवळजवळचे दोन ठिपके सुटे दिसतात का ते त्यातून कळत नाही. उजेडावर चालणारा साधा मायक्रोस्कोप कितीही भारी असला तरी 0.2 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास अडतो, प्रकाशाच्या लहरीच्या लांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा बारीक काही सुटं दिसत नाही म्हणून, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आबे यांनी हे 1873 मध्येच मांडलंय. लॅक्टोबॅसिलस अर्धा-एक मायक्रॉन जाड, म्हणजे दिसतात! फक्त खालून दिवा असलेला कंपाउंड मायक्रोस्कोप घ्या, 100एक्स ऑइल इमर्शन लेन्स (लेन्स आणि स्लाइडच्या मध्ये तेलाचा थेंब ठेवून वापरायची) असलेला, विद्यार्थ्यांचं मॉडेल तुमच्या पैशांत बसेल. आणि दही नको, वरची निवळी घ्या, टाचणीच्या टोकाएवढीच, स्लाइडवर पसरून वाळवा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा, मिनिटभर मेथिलीन ब्लू हा निळा रंग ठेवून धुवा, निळ्या काड्या दिसतील.

कोरोना साधारण 0.1 मायक्रॉनचा, तो उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोतावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचाच विषय, रुस्का आणि नोल या जर्मन संशोधकांनी 1931 मध्ये पहिला बनवला. पण त्यात नमुना निर्वातात ठेवतात, त्यामुळे वळवळणारं जिवंत काही बघता येत नाही, आणि चित्र काळं-पांढरं येतं, रंग नंतर भरतात. यूएसबीवाला मात्र ठेवाच, कंपाउंडखाली मुंगी म्हणजे नुसती काळी सावली.

धागाकर्ती:
दादा, खूप खूप आभार, लेकीला आत्ताच वाचून दाखवलं, तिनं लगेच विरजण लावायला घेतलं. मेथिलीन ब्लू छोट्या बाटलीत कुठे मिळेल, केमिस्टकडे की लॅबच्या सामानाच्या दुकानात?