दहा दिवस मौन पाळून आलो, आता घरात जीव रमेना. जाऊ का?

वडगावचा पोरगा: वय 24. घरात चार पावरलूम, उजाडल्यापासून खटखट. दिवाळीनंतर विपश्यना शिबिराला गेलो होतो. पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. गुडघे ठणकत होते, पळून जावंसं वाटलं. सहाव्या रात्री मात्र पंधरा-वीस मिनिटं आत काही हललंच नाही. परत ते हवंय. केंद्रात सेवक म्हणून वर्षभर राहीन म्हणतोय. आई म्हणते, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या कोण भरणार? बाबा बोलतच नाहीत. सांगा की.

खानापूर मास्तर: बाळा, मागाचा आवाज शांतीच्या आड येतो हे मला पटत नाही. बाळेकुंद्रीचे पंत महाराज (1855-1905) बेळगावात शाळामास्तरच होते. बायको, भावंडं, भक्तांचा राबता, सगळं सांभाळून दत्तभक्तीच्या अवधूतपंथात रमले. पोरांच्या गोंगाटाला कंटाळून कुठं पळाले नाहीत.

किल्ल्याजवळ: मास्तर, सोयीचं उदाहरण काढलंत. 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद याच बेळगावात आले, आधी भाटे वकिलांकडं आणि मग हरिपद मित्रांकडं उतरले. वडील 1884 लाच गेलेले, घरी खायची पंचाईत, थोरला मुलगा तोच. तरी बाहेर पडलेच ना? 24 व्या वर्षी नाही जायचं, तर काय गुडघे गेल्यावर?

खानापूर मास्तर: त्यांच्या आईला खेतडीचे राजे अजितसिंग पैसे पाठवत होते. याच्या आईला कोण पाठवणार, तुम्ही?

किल्ल्याजवळ: आलात लगेच पैशावर.

शहापूरची काकू: थोरामोठ्यांना राहू दे बाजूला. मी तीस वर्षं मागावर आहे. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. माग थांबवायचा, दोन्ही टोकं चिमटीत धरायची, गाठ मारायची. त्या वेळी मनात भाजीचा हिशेब आला की गाठ सुटलीच. ह्याला मी ध्यानबिन म्हणत नाही हं, पाठ मोडते नुसती. पण शिबिर संपताना घरी रोज सकाळ-संध्याकाळ तास तास बसायला सांगतात ना? किती दिवस बसलास?

वडगावचा पोरगा: नऊ. तेपण सकाळचंच. संध्याकाळी माग चालू असतात.

शहापूरची काकू: मग बाबांना सांग, तासभर बंद ठेवा म्हणून.

किल्ल्याजवळ: तासाभरात किती कापड जातं माहीत आहे का काकू?

शहापूरची काकू: मला विचारतोस होय?

वडगावचा पोरगा: सांगितलं बाबांना. काही बोलले नाहीत. आज संध्याकाळी सातला उठून माझ्या खोलीकडचा माग बंद केला. बाकीचे तीन चालू आहेत.