उत्तर: पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) तब्येतीकडे बघावं का?

या प्रश्नावर एकांनी बायबलमधल्या पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन, 1 तीमथ्य 4:8, पुढे केलंय, की शरीराच्या कसरतीचा लाभ थोडाच. थोडा म्हणजे शून्य नव्हे हो! त्याच पत्रात पुढे 5:23 मध्ये पौल तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. शिवाय बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये 20:13 बघा, सोबती जहाजाने गेले आणि हा पौल गडी अस्सा गावापर्यंत पायी निघाला.

व्यायामावर सगळे बोलले, चहावर कोणीच नाही. माझे वडील पाळक. पुण्यात खडकी ते वडगाव शेरी घरभेटी स्कूटरवर, चालणं म्हणजे फक्त जिने. संध्याकाळी सहा घरं, सहा कप, वर फरसाण. नको म्हटलं की "पाळकसाहेब, आमच्याकडचाच नको का?" डिसेंबरात कॅरलबरोबर (नाताळच्या गाण्यांच्या फेरीत) करंज्या आणि केक वेगळेच. शुगर वाढली तरी घरी कळू दिलं नाही, पाय बधिर व्हायला लागल्यावर डॉक्टरकडे गेले. शेवटी आईनेच महिला मंडळात सांगितलं, भेटीला आले की पाणी द्या आणि शेजारच्या घरापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जा. दोनतीन आज्या रुसल्या. बाकीच्यांनी ऐकलं.