पळसनाथाच्या जोत्यापर्यंत गाडी न्यायची का?

भटक्या बारामतीकर
उजनी धरणाचं पाणी ओसरलं की त्यात बुडालेल्या जुन्या पळसदेवच्या पळसनाथाच्या देवळाचं आधी शिखर दिसू लागतं. साठा उणेत, म्हणजे वापराच्या पाण्याच्याही खाली, गेला की मग खालचं देऊळ उघडं पडतं, तसं 2024 च्या उन्हाळ्यात पडलं होतं. पुण्याकडच्या मित्रांना मी नेहमी सांगतो, सोलापूर हायवे सोडा, सासवड-जेजुरी-मोरगाव-बारामती असे या, भिगवणला चिलापी खा आणि पुढे पळसदेव गाठा. दिवसभराची याहून चांगली राइड आमच्या भागात नाही.

पण माझं ठाम मत आहे की गाडी काठावर लावावी आणि देवळापर्यंत चालत जावं. खालचं बांधकाम दगडाचं आहे, ते टिकेल. शिखर मात्र विटांचं आहे. वर्षानुवर्षं पाण्यात भिजलेली वीट मेच्या उन्हात सुकते, चुन्याचा गिलावा सुटतो. नुसता हात फिरवला तरी बोटांना लाल भुगा लागतो. अशा देवळाच्या जोत्याशी दहा-दहा गाड्या उभ्या राहतात आणि पोरं फोटोसाठी वर चढतात. गाडी दारात नेता आली नाही, तर निम्मी गर्दी काठावरूनच परत जाईल. जाऊ दे.

बुलेट सोलापुरी
अजिबात पटलं नाही. उजनीची क्षमता 117 टीएमसी, त्यातला 63 च्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचा तळाचा साठा. उन्हाळ्यात त्या मृतसाठ्यातलं पाणी उपसलं जातं म्हणून देऊळ दिसतं, आणि पावसाळ्यात परत बुडतं. वीट खराब होते ती या भिजण्या-सुकण्यानं, आमच्या टायरनं नाही. धरणाला जाब विचारता येत नाही म्हणून बाइकवाल्यांना धरायचं?

आणि सत्तरीच्या माणसांनी काय करायचं? आईला मागे बसवून नेलं होतं. भर उन्हात त्या भेगाळलेल्या गाळातून तिला चालवत नेलं असतं, तर दर्शन झालंच नसतं. गाडी होती म्हणून ती दहा मिनिटं देवळापाशी शांत बसली.

करमाळ्याची शेतकरीण
मला बाइकचं काही कळत नाही, पण तुम्हाला जो माळ मोकळा वाटतो तो मोकळा नसतो. पाणी मागे सरकलं की आम्ही गाळपेर करतो. मोटारीही पाण्यामागे सरकवाव्या लागतात. चारी खणायची, पाइप वाढवायचे, केबल जमिनीवरून ओढत न्यायची. एका संध्याकाळी मोटार बंद पडली म्हणून केबलवरून चालत गेले, तर मधेच ती चेपून आतली तार उघडी पडलेली आणि शेजारी टायरचे वळ. तिथे एखादं पोरगं अनवाणी गेलं असतं तर? उसाचं एक पाणी चुकलं ते वेगळंच.

वीरगळवेडा
काठावर गाडी लावण्याला माझा पूर्ण पाठिंबा. तिथल्या वीरगळांना टेकवून ठेवलेल्या गाड्यांचे फोटो लोक कौतुकानं टाकतात. कुणाच्या तरी मरणाचं ते स्मारक आहे.

जुनं गाव
आमचं घर जुन्या पळसदेवात होतं. पाणी चढायच्या वेळी गावानं महादेवाचं लिंग वर आणलं, नव्या गावात नवं देऊळ बांधलं. म्हणून खालचं देऊळ रिकामं आहे असं कुणी समजू नये. उघडं पडलं की म्हातारी माणसं आजही जाऊन येतात, आपलं घर कुठं होतं ते नातवंडांना दाखवतात. तुम्ही ज्या सपाट दगडांवर स्टँड लावता, ती कुणाच्या तरी ओसरीची जोती आहेत.

तरी बारामतीकर, तुमचंही पटत नाही. गर्दी परत गेली तर जाऊ दे, हे म्हणणं सोपं आहे. लोक आले, बातम्या आल्या, म्हणून तर देवळाच्या दुरुस्तीचं कुणी बोलायला लागलं. नाहीतर इतकी वर्षं कोण विचारत होतं? आणि काठावर गाडी लावायची कुठं? ना सावली, ना राखण. माणसं यावीत. फक्त गावाला विचारून यावीत.

भटक्या बारामतीकर
सोलापुरी, धरणानं नुकसान केलंय म्हणून आपण त्यात भर घालायची, हे मला मान्य नाही. आजारी माणूस आधीच मार खाल्लेला असतो म्हणूनच त्याला जपून उचलतात. तुमच्या आईंसारख्यांसाठी एखादी गाडी जरूर जावी, त्याला कोण नाही म्हणेल? मी पंचवीस जणांच्या ग्रुपबद्दल बोलतोय, ज्यांना चालता येतं.

जुनं गाव, राखणीचा मुद्दा खरा आहे. गावातल्या पोरांनी पार्किंग सांभाळावं, गाडीमागे पैसे घ्यावेत. आम्ही आनंदानं देऊ.

बुलेट सोलापुरी
सरसकट बंदीला माझा विरोध कायम आहे. वाट आखून दिली, केबल आणि पेर सोडून, तर तिच्यावरूनच जाऊ आणि जोत्यापासून लांब थांबू. शिखरावर चढणाऱ्याला मी स्वतः खाली उतरवीन. पण गाडी काठावरच, हे नाही.

जुनं गाव
वाट आम्हीच आखू. साठा उणेत गेला की फक्की मारून ठेवतो, देवळापासून कुठं थांबायचं तेही फक्कीनंच. आधी करमाळ्याच्या ताई सांगतात तसं आमच्या काठच्या शेतकऱ्यांना विचारून, केबल कुठून गेल्यात ते बघू. फक्की ओलांडलेल्या गाडीची चावी मात्र संध्याकाळपर्यंत परत मिळणार नाही.

बुलेट सोलापुरी
चालेल. फक्की मारायला मी येतो.

भटक्या बारामतीकर
मी चालतच जाणार. पैसे मात्र गाडीचे देईन.