इपॉक्सीत पीयू घातलं, फेस आला, आणि ठोकळा तरीही फुटला

कोपरेतुटका (प्रश्न)

मी फिक्श्चरखाली बसवायला इपॉक्सीचे छोटे ठोकळे ओततो. कडकपणाबद्दल तक्रार नाही, पण हातातून निसटला की कोपरा उडालाच म्हणून समजा. तुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत, नख फिरवलं तरी काही लागत नाही.

म्हणून पॉलियुरेथेन (पीयू, रबरासारखं लवचीक प्लास्टिक) मिसळून चिवट करायचं ठरवलं. रेझिन साधं द्रवरूप बिस्फेनॉल-ए, इपॉक्सी इक्विव्हॅलंट 190 (190 ग्रॅममध्ये एक मोल इपॉक्सी गट). हार्डनर (रेझिन घट्ट करणारं अमाइन) टेटा, शंभर ग्रॅम रेझिनला 13. पीयूचं प्रीपॉलिमर (अर्धवट जोडलेलं पीयू) मीच शिजवलं: पीटीएमईजी 1000 (लांब साखळीचा पॉलिऑल, रेणुभार 1000) एक मोल, टीडीआय (आयसोसायनेट) दोन मोल, 75 अंशांवर तीन तास. शिजतानाच थोडा फेस आला होता, तिकडे मी काणाडोळा केला. 100 ग्रॅम रेझिनमध्ये हे 15 ग्रॅम घालून ढवळलं आणि लगेच हार्डनर ओतला. काडी फिरवतोय तोवर पांढऱ्या गुठळ्या, कप गरम, आणि मिश्रण इतकं घट्ट की बुडबुडे वर यायचं नाव घेईनात. साच्यातून निघाला तो स्पंज. आणि तोही पडल्यावर फुटला!

पीयू वाढवून 25 करू का?

व्हॅक्यूमवाला

वाढवू नका. आधी सांगा, पॉलिऑल वाळवला होता का? शिजताना आलेला फेस म्हणजे पाणी आणि आयसोसायनेटचा कार्बन डायऑक्साइड. पाण्याचा एक मोल दोन मोल एनसीओ (आयसोसायनेटचा क्रियाशील गट) खातो. तुमच्या 100 ग्रॅम पॉलिऑलमध्ये 0.1 टक्का जरी पाणी असेल, तरी शेवटी उरायला हवेत त्या एनसीओपैकी पाच-साडेपाच टक्के गेले. 100 अंशांच्या आसपास व्हॅक्यूमखाली दोन तास ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग डायब्युटिलअमाइनचं टायट्रेशन करून उरलेलं एनसीओ मोजा. हिशोबाने 6.2 टक्के एनसीओ यायला हवं. बरंच कमी आलं तर ती बॅच वापरू नका.

जुनी किटली

वाळवण्याचं बरोबर, पण कपातल्या गुठळ्यांचा दोष मी पाण्याला देणार नाही. टेटासारखं अमाइन समोर असताना एनसीओ पाण्यासाठी थांबत नाही, काही सेकंदांत युरिया होऊन मोकळा होतो. त्याच तुमच्या पांढऱ्या गुठळ्या. मिश्रण एकदम घट्ट झालं आणि काडीने घुसळलेली हवा आत अडकली. शिवाय जे अमाइन युरियात गेलं ते इपॉक्सीला मिळालं नाही, म्हणजे जाळं अर्धवट. फुटला यात नवल नाही.

क्रम बदला. हार्डनरच्या आधी प्रीपॉलिमर रेझिनशीच बांधून घ्या. तुम्ही म्हणाल, रेझिनमध्ये बांधायला आहे काय? आहे. इक्विव्हॅलंट 190 म्हणजे रेणुभार साधारण 380, शुद्ध रेणूचा 340. हा फरक ज्या थोड्या लांब रेणूंमुळे पडतो त्यांच्यावर दुय्यम हायड्रॉक्सिल (एनसीओ ज्यांना जोडला जातो ते ओएच गट) असतात: 100 ग्रॅममध्ये सुमारे 0.037 इक्विव्हॅलंट. तुमच्या 15 ग्रॅम प्रीपॉलिमरमध्ये एनसीओ 0.022. पुरून उरतात! 25 ग्रॅम घातलंत तर मात्र दोन्ही आकडे बरोबरीला येतात, तेव्हा तो विचार सोडा.

रेझिन आधी व्हॅक्यूमखाली गरम करून कोरडं करा. मग 80 अंशांवर प्रीपॉलिमर घालून दोन-तीन तास सावकाश ढवळा. दुय्यम हायड्रॉक्सिल आळशी असतो, काम अडलंच तर डीबीटीडीएल (क्रियेचा वेग वाढवणारं उत्प्रेरक) अगदी नावाला. इन्फ्रारेडमध्ये 2270 चं, म्हणजे एनसीओचं, शिखर गेलं की झालं. गार करा, पुन्हा हवा काढा, मगच टेटा. तो 100 ग्रॅम रेझिनवरच मोजा, 115 वर नाही. घन इपॉक्सीवर हा प्रयोग करू नका. तिथे एकेका रेणूवर दोन-तीन हायड्रॉक्सिल असतात, किटलीतच (शिजवायच्या भांड्यातच) जेल होईल. मी छिन्नी घेऊन बसलो होतो एकदा.

टीडीआय ड्राफ्टखालीच (वाफ ओढून नेणाऱ्या कपाटात) हाताळताय ना? त्याची वाफ एकदा फुप्फुसाला बाधली की पुढे नुसत्या अंशानेही दमा उठतो.

मऊ_की_चिवट

एक इशारा. पीयू रेझिनमध्ये पूर्ण विरघळून राहिलं तर ते नुसतं मऊ करतं, टीजी (ज्या तापमानाला ते मऊ पडू लागतं) खाली आणतं. चिवटपणा हवा तर ते बारीक थेंबांनी वेगळं व्हायला हवं. तडा आला की ते थेंब आतून फाटतात, भोवतालचं इपॉक्सी ताणून सरकतं आणि ऊर्जा तिथे खर्ची पडते. पीटीएमईजी 2000 वापरून बघा. लांब साखळी रेझिनमध्ये कमी मिसळते. ओतीव दुधाळ दिसलं तर थेंब झालेत. पारदर्शक राहिलं तर मात्र नुसत्या डोळ्यांवर निकाल देऊ नका.

कोपरेतुटका

पॉलिऑल वाळवलाच नव्हता, कबूल. नवी बॅच 6.0 टक्के एनसीओची आली, 1000 वरच केली, कारण 2000 हाताशी नव्हता. किटलीकाकांच्या क्रमाने गेलो: गुठळी एक नाही, टेटा घातल्यावर निवांत ओतायला वेळ मिळाला. ठोकळा किंचित धुरकट आहे. तीनदा पाडला, कोपरा चेपला पण उडाला नाही. शेवटी हातोडीने फोडला, तर तुटलेली बाजू खरबरीत, कडेला पांढुरकी रेघ.

पण 80 अंशांच्या ओव्हनमधून काढला की नख उमटतं. साधा ठोकळा सोबत ठेवायला विसरलो, त्यामुळे दोष पीयूचा की पोस्ट-क्युअर (घट्ट झाल्यावर पुन्हा तापवणं) न केल्याचा, हे ठरवता येत नाही. आज दोन्ही जोडीने ओतलेत, 100 अंशांवर दोन तास देणार आहे.